उघड्या गाडीचे तात्या

नवरदेवाला भर मांडवाच्या दारात अंग झाडायला लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. हणमंततात्या. फेट्याच्या घडीत अक्षता, खांद्यावर अक्षता, नवरीच्या शालूच्या निऱ्यांत अक्षता, अशा थाटात जोडी गाडीकडे आली की तात्या दार उघडायच्या ऐवजी दारासमोर आडवे उभे राहायचे आणि म्हणायचे, "आधी झाडून घ्या."

मग नवरीची एखादी आत्या हमखास खवळायची. "अवो, आशीर्वाद हाय त्यो! झाडायचा व्हय?"

"आशीर्वाद ऱ्हाऊ द्या अंगावं. तांदूळ तेवढं झाडा."

लोकांना वाटायचं, म्हातारा तिरसट आहे. तो होताच. पण त्याला कारण होतं. गाडी उघडी, कापडी टपाची. बटण दाबलं की टप आपोआप वर उठून मागच्या सीटमागं दुमडून बसायचं. तिथंच कडेनं पावसाचं पाणी वाहून जायला पन्हळ होती आणि पन्हळीच्या दोन्ही टोकांना करंगळीएवढी भोकं. अक्षता पन्हळीत पडल्या की भिजून फुगायच्या, भोकं बुजायची आणि पुढच्या पावसाचं पाणी थेट डिकीत, टप उचलणाऱ्या मोटारीवर. वर तांदळाच्या वासानं उंदीर यायचे. तांदूळ संपला म्हणून उंदीर घरी जात नाही, तो टप खायला लागतो. पहिल्याच वर्षी तळहाताएवढं कापड कुरतडलं गेलं आणि इंदापूरच्या तंबू शिवणाऱ्या कारागिराकडून ते शिवून घ्यावं लागलं. तेव्हापासून झाडणं सुरू झालं ते कुणाच्या बापाला चुकलं नाही.

माझा बारामतीत फोटोचा स्टुडिओ आहे. लग्नसराईत मंडप-डेकोरेशनवाल्या अशोकशेठबरोबर माझं काम चालायचं, आणि ही पांढरी विलायती गाडी अशोकशेठची. पुण्याच्या कुणा हौशी माणसाची हौस फिटल्यावर ती आमच्याकडे आली. बारामती-इंदापुरात तशी दुसरी नव्हती. तात्या निरवांगीचे. सगळी नोकरी साखर कारखान्यात साहेबांची जीप चालवण्यात गेली आणि रिटायर झाल्यावर अशोकशेठनं त्यांना या गाडीवर बसवलं. शेठ मालक, पण गाडीवर हुकूम तात्यांचा.

आता माझी जागा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. वरातीचा फोटोग्राफर गाडीच्या पुढं चालतो, आणि उलटा चालतो. तोंड गाडीकडे, पाठ रस्त्याकडे. माझे गुडघे आणि गाडीचा बंपर यांच्यात चार हात अंतर, कधी दोन. माझ्या मागं शे-दोनशे माणसं नाचत असतात, त्यात कडेवरची पोरं, त्यात डोळे मिटून नाचणारी मंडळी. कुणाचंही लक्ष गाडीकडे नसतं. एवढ्या सगळ्या जिवांच्या आणि त्या लोखंडाच्या मध्ये असतो तो फक्त ड्रायव्हरचा उजवा पाय. तो पाय एकदा चुकला की काय होतं ते आमच्या भागानं पाहिलेलं आहे. मी ते सांगत बसत नाही. तात्याही कधी बोलले नाहीत. पण वरात निघायच्या आधी ते उजव्या पायातली चप्पल काढून सीटखाली सरकवायचे आणि अनवाणी पाय ब्रेकवर ठेवायचे.

मी विचारलं होतं. "चपलंतनं ब्रेक कळत न्हाय," ते म्हणाले. "तळपायाला कळतो. किती धरलाय, किती सुटलाय, समदं. डोळ्याला पुढचं मानूस दिसतंय, पर थांबिवतो त्यो तळपाय."

लग्नाच्या दिवशी सकाळी त्यांचं काम बघण्यासारखं असायचं. बोलायचं मात्र नाही. पाणी, ऑइल, मग गाडीखाली आडवं होऊन ब्रेकची नळी हातानं चाचपायची. मग टपाचे रबर ओल्या फडक्यानं पुसून त्यावर पावडर, बाळाला लावतात ती. टप मऊ ब्रशनं झाडायचं. ओलं टप कधी दुमडायचं नाही, बुरशी धरते. आणि दुमडताना मागच्या पारदर्शक खिडकीवर घडीत एक जुनं नऊवारी लुगडं घालायचं, नाहीतर तिच्यावर चरे पडतात. लुगडं वहिनींचं, म्हणजे तात्यांच्या बायकोचं. ते न्यायच्या आधी त्यांनी वहिनींना विचारलं नव्हतं, असं वहिनीच मला एकदा म्हणाल्या. एकेक काम झालं की तात्या स्वतःशीच "हं" म्हणायचे. सगळे "हं" झाले की चहा. तोही बिनसाखरेचा.

"आख्खा जन्म साखर कारखान्यात काढला, अन् आता डाक्टर म्हणतोय साखर बंद," म्हणून हसायचे. शुगर चार-पाच वर्षांची. गोळ्या घ्यायचे. गाडीचं ऑइल कधी बदललं ते त्यांना तोंडपाठ, पण स्वतःची शुगर कधी तपासली विचारलं की "बघू की पुढल्या म्हयन्यात."

माझं आणि त्यांचं एकदा जोरात वाजलं. मला जोडीचा फोटो हवा होता, दुमडलेल्या टपावर बसलेल्या जोडीचा. बाकी सगळे तसाच काढतात. तात्या म्हणाले, जमणार नाही, खालची दांडी वाकंल. मी म्हणालो, दोन मिनिटांनी काय वाकतंय? ते म्हणाले, "दोन मिन्टात मानूस बी मरतं." पुढची दोन लग्नं मी त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या लग्नात त्यांनी स्वतःच्या डब्यातली भाकरी-पिठलं माझ्यापुढं सरकवलं आणि भांडण मिटलं.

इंदापूरचं लग्न मात्र मी विसरणार नाही. मे महिना, दुपारी साडेतीनचं ऊन. गाडी सजवताना फुलवाले नेहमी पुढच्या जाळीवर झेंडूची चादर बांधायचे, आणि तात्या ती नेहमी सोडायला लावायचे. "तिचं नाक झाकू नगा. बाकी कुटंबी बांधा." त्या दिवशीही सोडायला लावली. पण तात्या जेवायला बसले तेव्हा नवरीच्या काकानं ती पुन्हा बांधून घेतली, वर आणखी एक हार. गाडी मोकळी दिसत होती म्हणे! तात्यांच्या ते लक्षात आलं नाही, कारण ते मागच्या बाजूनं येऊन बसले.

बँडच्या मागं मुंगीच्या पावलानं गाडी निघाली. अशा चालीत इंजिनाला वारा लागत नाही, आणि पुढून फुलांनी तोंड बंद. मी कॅमेऱ्यातून बघत होतो आणि तात्यांचा चेहरा बदलताना मला दिसला. त्यांची नजर खाली काट्यावर गेली, मग समोरच्या गर्दीवर, मग पुन्हा काट्यावर. पुढं माणसं, मागं माणसं, गाडी बाजूला घ्यायला जागा नाही. तात्यांनी हात पुढं करून हीटर लावला. मे महिन्यात, पूर्ण.

इंजिनातली उष्णता आत ओढून घ्यायची ही युक्ती आहे, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की पैठणी आणि दागिन्यांत मढलेल्या नवरीच्या तोंडावर गरम वाफारा यायला लागला आणि तिचं काजळ खाली उतरलं.

"अवो तात्या, आमी उकडलो की!"

"तुमी उकडल्याली चालतीय ताई. इंजान उकडल्यालं न्हाय चालत."

पन्नास पावलं तशीच रेटून त्यांनी कडेला जागा मिळताच गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं. भसकन वाफ आली. तेवढ्यात तो काका हातात फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला धावला, आणि बँडवाला थंड पाण्याची बादली घेऊन त्याच्या मागं. तात्यांनी काकाच्या हातावर अशी चापट मारली की आवाज बँडच्या वरून ऐकू आला. "हात काढा! तोंडावं उकळतं पानी घ्यायचंय का? अन् त्यी बादली खाली ठिवा, गरम लोखंडावं गार पानी वतलं तर इंजान तडकंल."

"मग करायचं काय?"

"थांबायचं."

चाळीस मिनिटं थांबलो. लोक शिव्या देत होते. मुहूर्त टळलेला नव्हता, वरातच होती, पण आपल्याकडे थांबणं हा कुणाला उपायच वाटत नाही. मीही मनात शिव्या घातल्या, माझे फोटो खोळंबले होते. तात्या बॉनेटसमोर पहाऱ्याला उभे, उजवा पाय अनवाणीच, तापलेल्या डांबरावर. आम्ही बूट घालून पाय बदलत होतो. ते चाळीस मिनिटांत एकदाही हलले नाहीत. माझ्या शेजारी उभा असलेला लग्नघरचा कारभारी कौतुकानं म्हणाला, "काय पाय हायती म्हाताऱ्याचं! जुनं खाणं." मीही मान डोलावली. आज ते आठवलं की स्वतःच्या अकलेची कीव येते.

त्याच मोसमात नरसिंहपूरला वळवाच्या वाऱ्यानं आम्हाला गाठलं. तात्यांनी बटण दाबलं, टप अर्धं उचललं गेलं आणि मध्येच अडकलं. अर्धं टप म्हणजे वाऱ्यात शीडच. नदीकडून धूळ घेऊन वारा आला आणि आख्खी चौकट करकरायला लागली. दोघं-तिघं एकाच बाजूनं टपाला लोंबकळले. तात्या कडाडले, "सोडा! येका अंगानं वडलं तर मोडंल!" चावी बंद करून ते डिकीत शिरले, मोटारीचा एक स्क्रू ढिला केला, म्हणजे टप हातानं हलवता येतं. मग डावीकडे नवरदेवाला उभं केलं, उजवीकडे त्याच्या सासऱ्याला. "मी येक म्हनलं की दोघं संगं. कुनी पुढं न्हाय, कुनी मागं न्हाय." सासरा-जावयानं आयुष्यात पहिल्यांदा एका हुकमावर एक काम केलं. टप बसलं, हूक लागले, आणि लगेच गारा पडायला लागल्या. आतून तात्यांचा "हं" मला काचेबाहेर ऐकू आला.

एवढा सावध माणूस. आणि त्याच वर्षी दोनदा बंपर माझ्या गुडघ्याला लागला.

पहिल्यांदा मी स्वतःलाच दोष दिला, उलटा चालताना मीच हळू झालो असेन. दुसऱ्यांदा मी तात्यांकडे पाहिलं. तेही माझ्याकडेच बघत होते. पण त्या दिवसापासून मी चार हातांचं अंतर सहा हात केलं, आणि का केलं ते मनाला विचारलं नाही.

मग लासुर्णे. तिथं लग्नाआधीचा परण्या होता, म्हणजे नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पाया पडून मग मांडवात येतो. गोरज मुहूर्त, परण्या साडेचारला निघणार. मारुती कालव्याच्या पलीकडे. रस्ता आधी थोडा सपाट, मग कालव्याच्या पुलावर चढ, आणि पलीकडे देवळापर्यंत चांगला उतार. तात्यांनी सकाळीच तो उतार चालून पाहिला होता.

चारच्या सुमारास ते शाळेच्या भिंतीच्या सावलीत बसले होते, उजवा पाय दगडावर टेकवून. मी लेन्स पुसत समोर आलो आणि मला तळव्यात काहीतरी चकाकताना दिसलं. वाकून पाहिलं. टाचणी. फुलवाले लावतात ती, निळ्या डोक्याची. डोक्यापर्यंत आत गेलेली. भोवती रक्त सुकून काळं पडलेलं, म्हणजे सकाळपासूनची असणार. त्या पायानं तात्या उतार चालून आले होते, गाडीखाली शिरले होते, माझ्याबरोबर चहा प्यायले होते.

"तात्या," मी म्हणालो, "पायात टाचणी हाय."

"कुणाच्या?"

"तुमच्या."

त्यांनी पाय वर घेतला. बघितलं. चिमटीत धरून टाचणी ओढून काढली, आणि काढतानाही तोंडावर काही नाही. मग ती टाचणी त्यांनी माझ्या हातात दिली. "मी डोळं मिटतो. तुमी टोचा. टोचलं की मी सांगतो."

"आता? बँड वाजतोय तात्या."

"टोचा म्हनतो न्हवं!"

त्यांनी डोळे मिटले. मी अंगठ्याच्या खाली टोचलं. मग मधे. मग टाचेपाशी, जरा जोरात, माझ्याच अंगावर शहारा आला. पलीकडे नवरदेव गाडीत बसल्याचा गलका झाला. तात्या डोळे मिटून वाट बघत होते.

"टोचा की," ते म्हणाले.

"टोचलं, तात्या. तीनदा."

त्यांनी डोळे उघडले. त्या नजरेकडे मला बघवेना. मी जमिनीकडे बघत राहिलो. मला भीती वाटली, अगदी खरी भीती, की आता हे उठतील, गाडीत बसतील, आणि मी नेहमीसारखा पुढं उलटा चालेन. कारण नाही म्हणायची माझीही हिंमत नव्हती. चार वर्षांचा घरोबा. गावभर माणसं जमलेली. नवरदेव बसलेला. एकदाच तर न्यायचंय, असं मनात आलंच. ते माझ्या मनात आलं, हे मी लपवत नाही.

तात्या उठले आणि गर्दीतून गाडीकडे गेले. नवरदेव फेटा बांधून मागं बसलेला, शेजारी करवली, दारांशी पोराबाळांचा गराडा. तात्या ड्रायव्हरच्या बाजूला गेलेच नाहीत. त्यांनी बॉनेट उघडलं, खिशातून पाना काढला आणि बॅटरीची वायर सोडली.

"काय झालं?" नवरदेवाचे मामा, बबनराव, धावत आले. "बंद पडली का काय?"

"गाडी चांगली हाय. मी बंद पडलोय."

"आँ?"

बँड थांबला. तात्यांनी आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "माझ्या पायाला ब्रेक कळत न्हाय. आत्ता टोचून बघितलं. मी गाडी न्हेनार न्हाय."

लोकांना आधी ती थट्टाच वाटली. मग बबनराव लालबुंद झाले. त्यांचा धाकटा भाऊ म्हणाला, मी चालवतो, रोज ट्रॅक्टर चालवतोय. तात्या म्हणाले, "हिचा क्लच तुमाला ठावं न्हाय. नाचणाऱ्या मानसांत नव्या गाडीवं शिकायचं न्हाय." कुणी म्हणालं, मग ढकलत नेऊ. "पलीकडं उतार हाय. ढकलनारं मागं ऱ्हात्यात, गाडी पुढं जाती. पुढं पोरं नाचत्यात."

"अवो पर आधी सांगायचं हुतं!" बबनराव ओरडले. "पाय आजच गेला व्हय? मग हितवर कशी आनली? गेल्या लग्नाला कशी चालीवली?"

तात्यांनी पाना खिशात टाकला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या गुडघ्यांकडे. "त्येच इचारतोय मी सोताला," ते म्हणाले.

करवली हळूच खाली उतरली. त्या माणसानं आख्ख्या गावासमोर स्वतःला नापास केलं होतं, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवायलाही कुणी पुढं झालं नाही, मीसुद्धा. मला ते आजही खातं.

बबनरावांनी घुश्शातच डोक्याचा फेटा घट्ट केला, गाडीच्या दाराशी वाकले आणि भाच्याला म्हणाले, "चल, बस खांद्यावं. मामा मेला न्हाय अजून." नवरदेव खांद्यावर चढला. एकदम आरोळी उठली. बँडवाल्यानं गाडीसाठी कधी केली नव्हती अशी सुरुवात केली, आणि दोन मिनिटांत सगळं गाव नाचत पुलाकडे सुटलं. गाडीची आठवण कुणाला राहिली नाही.

मला कामावर जाणं भाग होतं. मी धावत गर्दीच्या पुढं गेलो, वळलो आणि उलटा चालायला लागलो. मामांच्या खांद्यावर नवरदेव, गुलाल, वर केलेले हात. पुलाचा चढ लागल्यावर गर्दीच्या डोक्यांवरून मागचा रस्ता दिसायला लागला. झेंडूनं सजलेली पांढरी गाडी शाळेसमोर तशीच उभी होती, बॉनेट वर, दार उघडं. तात्या ड्रायव्हरच्या सीटवर आडवे बसले होते, उजवा पाय डाव्या मांडीवर घेऊन. अंगठ्यानं तळवा दाबत होते. टाचेपासून बोटांकडे, एकेक जागा, आणि प्रत्येक जागेवर थोडं थांबत होते. बोटांपर्यंत पोचले की पुन्हा टाचेला जात होते. मी पुलाच्या माथ्यावर पोचलो तेव्हा त्यांनी पुन्हा टाचेपासून सुरुवात केली होती.